दंतसंख्या-विकृती, बालकांतील

नेहमीपेक्षा अधिक दात असणे किंवा काही दात मुळातच तयार न होणे, यास दंतसंख्या-विकृती म्हणतात. माणसाचे दुधाचे दात २० व कायमचे ३२ असतात. गर्भाच्या जबड्यातील दंतपट्टापासून दातांच्या कलिका निर्माण होतात. पट्टाची क्रियाशीलता वाढल्यास जादा कलिका बनतात, असे मानतात. कलिका न बनल्यास दात येत नाही. दोन्ही विकृती पुष्कळदा आनुवंशिक असतात.

अतिरिक्त दात : कायमच्या दातांत ही विकृती सु. १ ते ३ टक्के व्यक्तींत आढळते; मुलींपेक्षा मुलग्यांत अधिक. वरच्या मधल्या दोन पटाशीच्या दातांमधील लहान, शंकूसारखा ‘मध्यदंत’ सर्वांत सामान्य होय. तो बहुधा हाडातच राहून शेजारच्या दाताची वाट अडवितो. पटाशीचा एक दात येऊन सहा महिने लोटले तरी जोडीचा आला नाही, तर क्ष-किरण चित्र काढणे इष्ट असते. अडथळा करणारा दात शस्त्रक्रियेने काढतात. निरुपद्रवी दातावर केवळ लक्ष ठेवतात.

जन्मतःच दिसणारा दात अतिरिक्त असतोच असे नाही. बहुधा तो लवकर उगवलेला दुधाचाच दात असतो. अशुभ समजून तो काढल्यास कायमचा दात येईपर्यंत, म्हणजे सु. सहा वर्षे, ती जागा रिकामी राहते. तो फार हलत असल्यास किंवा स्तनपानात अडचण येत असल्यासच काढतात.

दातांचा अभाव : अक्कलदाढा वगळता सु. ६ टक्के व्यक्तींत एखादा तरी कायमचा दात नसतो. खालची दुसरी उपदाढ व वरचा बाजूचा पटाशीचा दात यांचा अभाव विशेष आढळतो. दुधाच्या दातांत तो विरळा. अनेक दात नसल्यास, केस विरळ व घाम कमी असल्यास बाह्यस्तराच्या विकासातील दोषाची शंका घेतात. अशा बालकांना तीन-चार वर्षांच्या वयापासून कवळी बसविता येते.

उपदाढ नसल्यास तिच्या जागेवरील निरोगी दुधाची दाढ जपतात. ती प्रौढपणीही अनेक वर्षे टिकू शकते. पटाशीच्या दाताची जागा तारांच्या साहाय्याने सुळा पुढे आणून भरतात किंवा कृत्रिम दातासाठी राखून ठेवतात. हाडात रोवलेला कृत्रिम दात वाढत्या जबड्याबरोबर सरकत नाही व आखूड दिसू लागतो. म्हणून असे रोपण सामान्यतः वाढ पूर्ण झाल्यावरच करतात. किडलेला दुधाचा दात काढण्यापूर्वी त्याखाली कायमचा दात आहे की नाही, हे क्ष-किरण चित्राने पाहणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.