कुपीवरचा चौकोन

कांदिवलीत महापालिकेच्या दवाखान्यात बाळाला लस टोचायला नेलंत, तर सिस्टरच्या हातातली कुपी जरा नीट बघा. तिच्यावर एक जांभळट गोल आणि त्यात फिकट चौकोन दिसेल. कुपीला उष्णता लागली की चौकोन गडद होतो, आणि एकदा गडद झालेला पुन्हा फिकट होत नाही. गोलाशी रंग जुळला की लस बाद. लाइट गेली, टेम्पो उन्हात रखडला, सगळ्याचा एकत्रित हिशेब त्या नखाएवढ्या खुणेत! 1996 साली ही खूण पोलिओच्या कुपीवर आली. त्याआधी फ्रीज बंद पडल्याच्या नुसत्या संशयावरून चांगल्या कुप्याही फेकल्या जात.

जगात आरोग्यावर होणाऱ्या खर्चातला 20 ते 40 टक्के वाया जातो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा 2010चा अंदाज आहे. असा आकडा ऐकला की आपल्याला आधी आठवतो खाल्लेला पैसा. पण पैसा ऊनही खातं, आणि थंडीसुद्धा. पाच रोगांवरची पेंटाव्हॅलंट लस गोठली की निकामी होते, आणि चौकोनाला त्याचा पत्ताच लागत नाही. म्हणून फ्रीजरमधले बर्फाचे पॅक थेट लशीच्या डब्यात भरत नाहीत. थोडा वेळ बाहेर ठेवून कानाशी हलवतात. आत पाणी डुचमळलं की मगच भरायचे. कारखान्यापासून जपत आणलेल्या लशीची शेवटची राखण अशी कानाने होते.

क्षयरोगावरच्या बीसीजी लशीचं गणित मला सगळ्यांत सुंदर वाटतं. एक कुपी दहा बाळांची, पण औषध कालवल्यावर चार तासांत संपवायची. तीनच बाळं आली तर? ‘दहा जमू द्या, मग फोडू’ म्हटलं तर सात डोस वाचतील. पण गावाला बाळंत होऊन परतलेली, दामूनगरच्या वस्तीतून रिक्षाचं भाडं भरून आलेली आई परत येईलच असं नाही. सोबतच्या नवऱ्याचा खाडा झालेला असतो. दवाखान्याचे वाचलेले रुपये तिच्या घरातून जातात, वर बाळ लशीविना राहतं. ती काटकसर कसली? म्हणून एकच बाळ आलं तरी कुपी फोडायची, असा नियम आहे.

पोलिओची उघडलेली कुपी मात्र थंड राहिली आणि चौकोन फिकट असला, तर 28 दिवस चालते. ती उघडतानाच सिस्टर लेबलवर पेनने तारीख आणि वेळ लिहून ठेवतात.