क्रीडांगणावरील अध्यापक : जॉन वुडन

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलचे थोर प्रशिक्षक जॉन वुडन (१९१०-२०१०) हे मूळचे इंग्रजीचे शिक्षक होत. इंडियाना राज्यातील शेतकरी कुटुंबात ते वाढले. १९४७ मध्ये ते इंडियाना स्टेटच्या महाविद्यालयीन संघाचे प्रशिक्षक असताना संघास एका राष्ट्रीय स्पर्धेचे निमंत्रण आले. परंतु कृष्णवर्णीय खेळाडूंना तेथे मज्जाव होता. संघातील क्लॅरेन्स वॉकर यांना वगळून जाण्यास वुडन यांनी नकार दिला. पुढील वर्षी बंदी उठली, संघ गेला आणि वॉकर हे त्या स्पर्धेत खेळणारे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले. अंतिम सामना संघाने गमावला, ही बाब येथे गौण होय.

१९४८ मध्ये वुडन लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात आले. तेथे पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळाले ते १९६४ मध्ये, म्हणजे १६ व्या हंगामात! (एवढा धीर किती संस्था धरतील?) ते धरून मात्र १९७५ मधील निवृत्तीपर्यंत १२ वर्षांत १० विजेतेपदे आली. हंगामाच्या प्रारंभी नामांकित खेळाडूंनाही ते मोजे व बूट कसे घालावेत, हे स्वतः शिकवीत. मोज्याला चुणी राहिली की पायाला फोड येतो आणि फोड आलेला खेळाडू सरावास मुकतो, एवढाच त्यामागील हिशेब होता.