नावाचा अर्थ आणि नावाचा हक्क



मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला ग्रँट डफ हे नाव नवे नाही. साताऱ्यास रेसिडेंट राहिलेल्या या स्कॉटिश अधिकाऱ्याने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्याच्या निष्कर्षांवर आपण पुष्कळ वाद घातले. त्याच्या नावाचा अर्थ मात्र क्वचितच विचारला. ‘ग्रँट’ मूळचा फ्रेंच, अर्थ ‘मोठा’. ‘डफ’ स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतला, अर्थ ‘काळा’. इंग्रजीत इतिहास लिहिणाऱ्या या गृहस्थाच्या आडनावात इंग्रजी शब्द एकही नव्हता! नावाचा अर्थ असा विसरला जातो. त्यावरचा हक्क मात्र माणूस सहसा सोडत नाही. हेच सूत्र धरून मी आज इंग्लंड व स्कॉटलंडमधील नावांकडे पाहणार आहे.

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. त्यापूर्वी तेथे एथेलरेड, वुल्फस्टन अशी जुनी इंग्रजी नावे रूढ होती. राज्य बदलले आणि पुढच्या काही पिढ्यांत ही नावे बहुतांशी मागे पडली. विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड ही जेत्यांची नावे शेतकऱ्यांच्या घरांतही ठेवली जाऊ लागली. जी थोडी जुनी नावे टिकली त्यांत ‘एडवर्ड’ प्रमुख होय. त्याचा अर्थ ‘संपत्तीचा रक्षक’. एडवर्ड या संतपदास पोहोचलेल्या पूर्वीच्या राजावर तिसऱ्या हेन्रीची श्रद्धा होती. म्हणून १२३९ साली जन्मलेल्या आपल्या पुत्राला त्याने ते नाव दिले.

नावे थोडी आणि माणसे फार, अशी स्थिती झाल्यावर एका गावातले अनेक विल्यम ओळखायचे कसे? यातून उपनावे आली आणि कालांतराने ती वंशपरंपरागत झाली. त्यांचे स्थूलमानाने चार प्रकार पडतात. बापाच्या नावावरून जॉन्सन. धंद्यावरून स्मिथ, म्हणजे लोहार. वस्तीवरून हिल, म्हणजे टेकडी. आणि शरीरलक्षणावरून आर्मस्ट्राँग, म्हणजे बळकट बाहूंचा. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, त्या स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांचे आडनाव ‘विलचा मुलगा’ एवढेच सांगते. आपल्याकडील लोहार, सुतार किंवा गावावरून आलेली ‘कर’ प्रत्ययाची आडनावे आठवली, तर ही रीत परकी वाटणार नाही.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात गेलिक भाषेचे राज्य होते. तेथे ‘मॅक’ म्हणजे पुत्र. मॅकडोनाल्ड हा डोनाल्डचा पुत्र, मॅकिन्टायर सुताराचा, मॅकफर्सन पाद्र्याचा. गेलिकमध्ये स्त्रीच्या आडनावात ‘मॅक’ऐवजी कन्यावाचक ‘निक’ येतो. इंग्रजी लेखनात हा भेद पुसला गेला. ‘कॅम्पबेल’ म्हणजे वाकड्या तोंडाचा आणि ‘कॅमेरॉन’ म्हणजे वाकड्या नाकाचा. एकेकाळचे हे व्यंगवाचक शब्द पुढे पराक्रमी घराण्यांनी अभिमानाने मिरविले. ‘माल्कम’ म्हणजे संत कोलंबाचा सेवक. आपल्या ‘रामदास’ या नावाच्याच घडणीचे हे नाव.

नावाचा हक्क किती मोलाचा असतो, हे मॅकग्रेगर कुळाच्या कथेवरून कळते. १६०३ साली, शेजारच्या कुळाशी झालेल्या रक्तरंजित लढाईनंतर, सहाव्या जेम्सच्या शासनाने हे आडनावच बेकायदा ठरविले. ते धारण करणाऱ्यास देहदंडाची शिक्षा होती. १६६१ साली बंदी उठली, १६९३ साली पुन्हा आली आणि १७७४ साली कायमची रद्द झाली. वॉल्टर स्कॉटच्या कादंबरीमुळे प्रसिद्ध झालेल्या रॉब रॉय मॅकग्रेगरलाही आईकडचे कॅम्पबेल हे आडनाव वापरावे लागले. बंदी उठल्यावर मात्र पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या आडनावांनी वावरलेल्या कुटुंबांनी आपले मूळ आडनाव पुन्हा घेतले. ‘ग्रेगर’ हे ग्रीक ‘ग्रेगरी’चे रूप असून त्याचा अर्थ ‘जागरूक’ होतो, हे त्यांतील किती जणांना ठाऊक असेल? त्यांना अर्थ नको होता. पूर्वजांशी असलेले नाते हवे होते.

मित्रहो, आपण सीमाभागातली माणसे. आपले एकच आडनाव देवनागरीत, कन्नडात आणि रोमन लिपीत लिहिले जाते, आणि प्रत्येक वेळी त्याचा उच्चार थोडा सरकतो. सरकणे हा नावांचा स्वभावच आहे. त्याचे भय नको. परंतु घरातील वडीलधाऱ्यांना आपल्या आडनावाचे जुने रूप, मूळ गाव आणि अर्थ विचारून घ्या व वहीत टिपून ठेवा. हे सांगणारी माणसे आज घरात आहेत, तोवरच हे काम सोपे आहे.