पित्त उठतं म्हणजे काय होतं?

बांगड्याचं कालवण खाऊन माणूस हात धुतो न धुतो तोच चेहरा लालबुंद होतो, कानशिलं तापतात, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकू लागतं. घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘बांगडा बाधला, पित्त उठलं.’ आमसुलाचं पाणी अंगाला चोळलं जातं, काही तासांत खाज उतरते, आणि त्या माणसाच्या नावापुढे कायमचा शेरा बसतो : याला बांगडा चालत नाही. हा शेरा बऱ्याचदा चुकीचा असतो.

‘पित्त’ हा आपल्याकडे मोठा सोयीचा शब्द आहे. घशाशी आंबट आलं तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त. गंमत अशी की, या दोन्ही तक्रारींशी संबंध असलेलं एक द्रव्य शरीरात खरोखरच आहे. त्याचं नाव हिस्टामिन. 1910 साली लंडनमध्ये हेन्री डेल आणि जॉर्ज बार्जर यांनी ते अर्गट या बुरशीतून वेगळं काढलं. हिस्टामिन मोकळं झालं की बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव पाझरतो. म्हणून कातडी लाल होते, सुजते, खाजते. हेच हिस्टामिन जठराला आम्ल सोडण्याचा इशाराही देतं. किल्ली एक, कुलपं वेगळी. म्हणून खाजेची गोळी निराळी आणि आम्ल कमी करणारी निराळी. पहिल्या प्रकारच्या औषधांच्या शोधासाठी दानिएल बोव्हे यांना 1957 साली नोबेल मिळालं. 1988 साली ते मिळालेल्या जेम्स ब्लॅक यांच्या कामात दुसऱ्या प्रकारचं सिमेटिडिन हे औषध होतं.

आता बांगड्याकडे येऊ. बांगडा, कुपा, तारली या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा पाण्याबाहेर आल्यावर बर्फात गेला नाही, तर जिवाणू त्या हिस्टिडिनचं हिस्टामिन करतात. उन्हात टोपलीत पडलेल्या मासळीत हे काही तासांतच होऊ शकतं. वाईट भाग पुढेच आहे. एकदा तयार झालेलं हिस्टामिन तळून जात नाही, उकळून जात नाही, नंतर फ्रीजमध्ये ठेवूनही जात नाही. वास आणि रंग अगदी ठीक असू शकतो. कधी पहिल्या घासाला जिभेला मिरीसारखं चरचरतं, तेवढीच काय ती खूण. तसं झालं तर घास सोडून द्यावा. वाया गेल्याची हळहळ नंतर करावी.

म्हणजे इथे दोष खाणाऱ्याचा नाही, माशाचा आहे. एकाच दस्तरखानावर बसलेल्या चौघांपैकी तिघांना त्रास झाला, तर तो मासा बिघडलेला होता असं समजावं. बाजारातून मासळी सगळ्यात शेवटी घ्यावी, बर्फासकट घ्यावी, घरी येताच साफ करून थेट थंडाव्यात ठेवावी. फ्रीजचं तापमान 4 अंशांच्या आसपास हवं. वीज बराच वेळ गेली असेल तर फ्रीजवर भरवसा नको.

मासा ताजा असूनही एकट्यालाच, दर वेळी, एखाद्या तुकड्यानेही त्रास होत असेल तर ती खरी अॅलर्जी असू शकते. तिथे हिस्टामिन माशातून येत नाही. शरीरच माशाला शत्रू समजून स्वतःचं हिस्टामिन उधळतं. घसा आवळला, दम लागला, आवाज बसला, चक्कर आली, तर आमसूल आणि गोळी यांत वेळ घालवू नये. तडक इस्पितळ गाठावं. अशा वेळी एपिनेफ्रिनच्या इंजेक्शनची गरज असते.

तिसरी गोष्ट अलीकडे फार ऐकू येते, हिस्टामिन न सोसणं. आपल्या आतड्याच्या अस्तरात डायअमाइन ऑक्सिडेज नावाचं विकर असतं. अन्नातलं हिस्टामिन ते मोडून टाकतं. काहींमध्ये ते कमी पडतं : आतड्याच्या आजारामुळे, काही औषधांमुळे; मद्यही त्याच्या आड येतं. मग जुनं चीज, वाइन, फार आंबवलेले पदार्थ, टोमॅटो, पालक, वांगं यांनी डोकं दुखतं, नाक वाहतं, पोट बिघडतं. यात प्रमाणाला महत्त्व असतं. एक फोड वांगं सोसतं, वांग्याचं भरीत आणि वर टोमॅटोचं सार सोसत नाही. म्हणूनच माणूस गोंधळतो : काल चाललं, आज का नाही?

या विकाराचं निदान पक्कं करणारी रक्ततपासणी आजही नाही. कुणी महागडा अहवाल हातात ठेवून पन्नास पदार्थांवर फुली मारली तर सावध व्हावं. भरवशाचा मार्ग जुनाच आणि कंटाळवाणा आहे : वही. काय खाल्लं, किती, किती वाजता, काय झालं, हे लिहायचं. डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने दोन ते चार आठवडे असे पदार्थ कमी करायचे आणि मग एकेक परत आणायचा. ही परत आणण्याची पायरी लोक गाळतात. बरं वाटलं की आयुष्यभर तेवढंच खात बसतात, आणि मुलांना, गरोदर बाईला विनाकारण अशक्तपणा येतो. चालू औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

आणि डॉक्टरकडे जाताना नुसतं ‘पित्त झालं’ म्हणू नका. मासा कधी आणला, कुठे ठेवला होता, आणखी कुणाला त्रास झाला का आणि खाल्ल्यावर किती मिनिटांनी, एवढं सांगा.