ढालीशेजारची जनावरे

लंडनमध्ये कुलचिन्हे रंगविणाऱ्या एका वृद्ध चित्रकाराच्या मेजाशी बसण्याचा योग आला, तेव्हा त्याच्यापुढील चर्मपत्रावर सेनापती ह्यू गफ याच्या चिन्हाची प्रत तयार होत होती. ढाल पुरी झाली होती. तिच्या दोहों अंगांना भालदार-चोपदारांप्रमाणे उभी राहणारी जनावरे तेवढी उरली होती. इंग्लंडात हा मान सरसकट मिळत नाही. उमरावांना व वरिष्ठ मरातबाच्या मोजक्या सरदारांनाच तो सनदेने बहाल होतो. जनावर कोणते, त्याचा रंग कोणता, पवित्रा कोणता, हे सनदेत शब्दांनी बांधलेले असते. शेपटीचे वळण मात्र चित्रकाराच्या मर्जीवर.

सोने आधी, रंग मागाहून, हा दंडक. म्हाताऱ्याने खळीच्या वाळलेल्या थरावर तोंडाची वाफ सोडली, तो जरा चिकट होताच वर्ख टेकविला आणि अकीकाच्या घोटणीने असा घोटला की डावीकडचा सिंह उजळून निघाला. (ती बाजू आपली डावी, ढाल धरणाऱ्याची उजवी, आणि म्हणून मानाची.) उजवीकडे ड्रॅगन होता. त्याच्या गळ्यात तटबंदीच्या आकाराचा मुकुट आणि त्यावर अक्षरे: ‘चायना’. 1841-42 मध्ये अफूच्या युद्धात चीनवर चालून गेलेल्या इंग्रज फौजेचा हा सेनापती. ज्यांना नमविले त्यांचेच जनावर त्याने आपल्या दाराशी उभे केले.

ही रीत त्याच्या एकट्याची नव्हे. क्लाइव्हच्या ढालीला हत्तीने पेलले आहे. नेल्सनचा सिंह स्पेन व फ्रान्स यांची निशाणे तोंडाने फाडतो. आपल्याकडे जंजिऱ्याच्या दरवाजावरील श्वापदाने हत्ती पंजांत जखडले आहेत, आणि मला तो उघड उन्माद अधिक प्रामाणिक वाटतो. जिंकलेल्याला सोन्याने मढवून चाकरीला लावण्यात जी थंड शालीनता आहे, तिचा जाच अधिक.

1843 साली याच गफने महाराजपूरला शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, आणि 1846 च्या उमरावकीच्या पदवीत त्या गावाचे नाव चीनमधील ठाण्याशेजारी दाखल झाले. हयातीपुरत्या उमरावांची जनावरे त्यांच्याबरोबरच संपतात. याचा ड्रॅगन मात्र पदवीबरोबर वारसाहक्काने मुलाकडे गेला.