पावती, वही आणि टेकू

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत. आनंद झालाच. मजल्याच्या टोकाला डबा घेऊन ज्यांनी कधी रांग लावली नाही त्यांनी चाळीच्या आठवणीने उगाच गहिवरू नये, असं माझं जुनं मत आहे. पण त्या आठवड्यात सगळीकडे जो सूर लागला होता, तो मला बोचला. भाडेकरू होता, आता मालक झाला! जणू भाड्याने राहणं हे दुखणंच होतं आणि ते शंभर वर्षांनी एकदाचं बरं झालं.

सुरुवातीची वर्षं भराभर उरकतो. १९२० च्या दशकात सरकारने बीडीडीच्या २०७ इमारती उभ्या केल्या, एकेकीत ८० खोल्या. खासगी मालकांच्या चाळी त्याआधीपासून होत्याच. १९४७ च्या कायद्याने भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवलं. मालकांनी दुरुस्तीतून अंग काढून घेतलं, १९६९ मध्ये उपकर लावून दुरुस्ती मंडळ आलं, १९७७ मध्ये म्हाडा. कुठल्याही परिसंवादात ही जंत्री ऐकायला मिळते आणि शेवटी सगळं खापर भाडे नियंत्रण कायद्यावर फुटतं.

असे परिसंवाद ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे येतात ते आमचे खजिनदार. ऐंशीचं दशक मी लालबागच्या एका खासगी चाळीत काढलं. मालकाचा मेहता महिन्यातून एकदा यायचा, मांडीवर पावतीपुस्तक ठेवून भाडं घ्यायचा आणि जिना उतरायचा. चाळ चालवायचं ते भाडेकरूंचं मंडळ. आणि मंडळ म्हणजे साचेखात्यातून जॉबर म्हणून निवृत्त झालेले खजिनदार आणि त्यांची शंभर पानी वही.

त्या वहीत दिवाबत्ती होती, पंपाची दुरुस्ती होती, संडास धुणाऱ्याचा पगार होता. दर चार बिऱ्हाडांत एक संडास, त्याला कुलूप, आणि किल्ली हरवली तर दंड. पाणी पहाटे साडेचारला यायचं. व्हॉल्व सोडायचं काम तळमजल्यावरच्या एका विधवा बाईंकडे होतं, बदल्यात त्यांना वर्गणी माफ. सगळ्यात मोठं भांडण मात्र गावकीच्या खोल्यांवरून. कोकणातल्या एकेका गावाच्या मंडळाने घेतलेल्या त्या खोल्या. वीस-वीस गडी, पाळ्या लावून झोपणारे. प्रत्येकाला भिंतीवर एक खुंटी आणि एक ट्रंक. (गोव्याच्या लोकांचे धोबीतलावकडचे कूड याच जातकुळीतले, फक्त तिथे संध्याकाळी तेर्सची प्रार्थना चुकवायची सोय नव्हती.) प्रश्न असा की पाण्याची वर्गणी खोलीमागे घ्यायची की डोईमागे? बिऱ्हाडवाले म्हणायचे डोईमागे. गावकीवाले म्हणायचे, आम्ही अर्धे दिवसा झोपलेले, पाणी काय स्वप्नात वापरतो? शेवटी गावकीच्या खोलीला दुप्पट, असं ठरलं. दोन्ही बाजू नाराज राहिल्या. म्हणजे निवाडा बरोबर झाला असावा.

मग १८ जानेवारी १९८२. गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या घरात कामगार घरी बसले. या संपावर पुष्कळ लिहिलं गेलंय. संपकऱ्यांच्या डोक्यावर छप्पर कसं टिकलं, हे फारसं कुणी सांगत नाही. कायदा असा होता की सहा महिन्यांचं भाडं थकलं आणि नोटीस मिळाल्यावर महिनाभरात भरलं नाही, तर खोली जायची वेळ यायची. खजिनदार कायदा शिकलेले नव्हते, पण हा सहाचा आकडा त्यांना पक्का पाठ होता. चौथा महिना लागला की त्या खोलीच्या नावापुढे लाल पेन्सिलीची खूण. पाचव्यात मंडळाच्या शिलकीतून भाडं भरायचं आणि वहीत उधारी मांडायची. त्यामुळे त्या वर्षी आमच्या चाळीचा गणपती हातभरच आला. आमच्या चाळीतली एकही खोली भाड्यापायी गेली नाही. आणि हे जमलं कारण आमच्या खोलीचं भाडं अठरा रुपये होतं. बाजारभावाने असतं, तर कुठल्याही खजिनदाराला ते पेललं नसतं. कायद्याला शिव्या घालणाऱ्यांनी एवढं तरी हिशेबात धरावं.

दुसरी बाजूही सांगतो. त्याच अठरा रुपयांत तुळया कुजल्या. मोरीच्या बाजूने ओल शिरायची, लाकडाला वाळवी लागायची. दुरुस्तीला आलेल्या कंत्राटदाराने आमच्या सज्जाच्या सडक्या वाशांवर रंगाचा हात फिरवला, बिल लावलं आणि गेला. पुढच्या पावसाळ्यात खालून टेकू लागले. तात्पुरते म्हणून लागलेल्या त्या टेकूंवर बायका पुढे वर्षानुवर्षं वाळवणाच्या दोऱ्या बांधत होत्या.

दशक संपता संपता मालकाची पुढची पिढी आली. या मंडळींचं देणं मी विसरलेलो नाही. त्यांनी भाडं घेणंच बंद केलं, थकबाकी साचावी म्हणून. मग आम्ही मनीऑर्डरी धाडायचो, त्या ‘घेण्यास नकार’ शेरा घेऊन परत यायच्या, आणि ते कागद आमच्या घरात रेशनकार्डापेक्षा जपून ठेवले जायचे. नंतर मंडळाचे एक नवे सेक्रेटरी बिल्डरच्या गाडीतून फिरू लागले. खजिनदार गेल्यावर वही त्यांच्याकडे गेली आणि तिचं पुढे काय झालं, ते त्यांनाच ठाऊक.

नव्वदनंतरचं सांगण्यासारखं थोडंच. १९९९ चा नवा कायदा आला, वर्षाला चार टक्के वाढ मिळाली, पागडीला अधिकृत मान्यता मिळाली. पण मोडकळीच्या चाळींना त्या चार टक्क्यांनी काय होणार? २००८ मध्ये एमएमआरडीएने १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या खोल्यांची योजना काढली. भाडं कोण वसूल करणार, पंप कोण बघणार, खोली रिकामी कोण करून घेणार, या प्रश्नांपाशी असल्या योजनांचा उत्साह मावळतो. पनवेलजवळच्या कोनमध्ये तर दोन-दोन खोल्या जोडून त्या गिरणी कामगारांना मालकीने देण्यात आल्या. म्हणजे पुन्हा मालकच.

आमच्या चाळीच्या जागी आता टॉवर उठतोय. गावकीच्या एका खोलीची पावती त्या गावाच्या मंडळाच्या तेव्हाच्या अध्यक्षांच्या नावावर होती. ते वारले. मुलगा डोंबिवलीला असतो, खोलीच्या बदल्यात मिळणाऱ्या फ्लॅटवर त्याने हक्क सांगितलाय. कागद त्याच्या बाजूने आहे आणि वीस खुंट्यांची नोंद कुठल्याच कागदावर नाही. त्या गावची पोरं अजूनही मुंबईला येतात. नालासोपाऱ्यात पाच जणांत एक खोली, अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट आणि वर दलाली. गावाच्या मंडळाने खोलीसाठी वकील लावलाय, आणि त्याची फी ही पोरं डोईमागे भरतात.