जुनी मोटार आणि तिचे प्रमाणपत्र



एकेकाळी मोटार उभी राहायची ती डॉक्टर, वकील आणि जिनिंगवाल्या शेठजींच्या दारी. आज जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांतून शिक्षकाच्या, कंडक्टरच्या, निवृत्त कामगाराच्याही दारी ती उभी असते, आणि पुष्कळांची पहिली मोटार जुनीच असते. त्यात कमीपणा काही नाही. परंतु प्रॉव्हिडंट फंडातले पैसे घालायचे, तर 'सर्टिफाइड' या एका शब्दासाठी तीस-चाळीस हजार अधिक मोजावेत काय, याचा विचार शांतपणे केला पाहिजे.

परवान्यांच्या काळात नवी गाडी मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागे, आणि जुनी फियाट कधी कधी नवीहून महाग विकली जाई. तेव्हा गाडी मिळाली हेच भाग्य. तिच्या प्रकृतीची चौकशी कोण करणार? १९८३ साली मारुती आली, पुढे गाड्या मुबलक झाल्या आणि प्रश्न उलटा झाला : गाड्या शंभर, त्यांतली चांगली कोणती? २००१ साली मारुतीने 'ट्रू व्हॅल्यू' या नावाने जुन्या गाड्यांची विक्री सुरू केली. इतर कंपन्याही त्या वाटेने गेल्या, आणि प्रमाणपत्राची गाडी बाजारात रुळली.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा काय करतो, ते आठवा. दात पाहतो, खूर पाहतो, पळवून बघतो, आणि सोबत जाणता माणूस नेतो. कारण घोड्याची खोड विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. हीच गोष्ट जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन मांडली. घेणाऱ्याला चांगली-वाईट ओळखता येत नाही, म्हणून तो मधला भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकत नाही, आणि बाजारात खराब माल उरतो. २००१ सालच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होते. वॉरंटी आणि नाममुद्रा हे या रोगावरचे उपाय आहेत, हेही त्यांनीच सांगितले. म्हणजे प्रमाणपत्र हे मुळात थोतांड नव्हे.

परंतु ते देतो कोण? बहुधा विकणाराच. आर.टी.ओ. गाडीला 'सर्टिफाइड' म्हणत नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने परिवहन खात्याचे अधिकारपत्र घ्यावयाचे आहे. गाडी त्याच्या ताब्यात आल्याची रीतसर सूचना दिली, की तोच मालक मानला जातो व जबाबदारी त्याच्यावर येते. हे अधिकारपत्र माणसाला आहे, यंत्राला नाही. दुकानात शिरताच पहिली मागणी त्याची करावी.

दुसरी मागणी वॉरंटीच्या कागदाची. आम्ही कामगारांना सांगत आलो की करार वाचल्यावाचून सही करू नका. तेच येथे लागू आहे. दोनशे मुद्द्यांची तपासणी झाली असे जाहिरात सांगते, पण भरपाई मिळते ती कागदावर लिहिलेल्या भागांचीच. बहुधा इंजिन व गिअरबॉक्स आत असतात. क्लच, ब्रेक, टायर, बॅटरी बाहेर. मुदत किती, किलोमीटर किती, दुरुस्ती जळगावात होईल की नाशिकला जावे लागेल, हे विचारावे.

आता हिशेब. समजा, ओळखीच्या मालकाकडे गाडी चार लाखांना आहे आणि तशीच प्रमाणपत्राची चार लाख चाळीस हजारांना. हे चाळीस हजार म्हणजे एका परीने विम्याचा हप्ता. मालक शेजारचा, सर्व्हिसची पुस्तिका पूर्ण, विश्वासू मेकॅनिक हाताशी, तर हा हप्ता वाचवावा आणि त्यातले दोन हजार त्या मेकॅनिकला द्यावेत. गाडी थंड असताना त्याला सुरू करू द्या. बॉनेटच्या बोल्टांचा रंग उडाला आहे का, सीटखालच्या लोखंडावर गंज किंवा गाळ आहे का, हे त्याला पाहू द्या. २००५ साली मुंबई आणि २००६ साली सुरत पाण्याखाली गेली होती. अशा पुरातली गाडी वरून धुऊन चकचकीत करता येते, आणि धुळ्याला तर मुंबई आणि सुरत या दोन्हींकडचे महामार्ग येऊन मिळतात. उलट मालक अनोळखी, गाडी परगावची, मेकॅनिक ओळखीचा नाही, तर चाळीस हजार देणे शहाणपणाचे. मात्र वॉरंटी निदान एका वर्षाची असावी.

प्रमाणपत्राचा आणखी एक फायदा फारसा कोणी सांगत नाही. व्यापाऱ्याने फसवले तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी गाडी घेणारा ड्रायव्हरही या कायद्याने ग्राहकच ठरतो. घरगुती विक्रेत्याविरुद्ध मात्र दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागते.

कोणतीही गाडी घ्या, आर.सी. आपल्या नावावर झाल्याशिवाय व्यवहार पुरा समजू नये. फॉर्म २९ व ३० भरून घेणाऱ्याने तीस दिवसांत नोंद मागायची असते. कर्ज फिटले असेल तर फॉर्म ३५, परराज्यातील असेल तर ना-हरकत दाखला आणि येथील कर. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा. विकणाऱ्यांनीही ऐकावे : २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात, गाडी पुढे अनेक हातांतून गेलेली असतानाही, अपघाताची भरपाई नोंदणीतल्या मूळ मालकावरच बसवली.

तेव्हा प्रमाणपत्राची गाडी घ्यावी काय? ज्याच्याजवळ जाणता माणूस नाही, त्याने घ्यावी. ज्याच्याजवळ आहे, त्याने त्या माणसाची मजुरी द्यावी. आणि दोघांनीही शिक्का पाहून भुलू नये. गाडी बंद पडल्यावर उत्तर द्यायला कोण बांधलेला आहे, ते कागदावर लिहिले असेल, तेवढीच त्या शिक्क्याची किंमत.